मिटलेली बोटे

बेरीज ही काय शिकवायची गोष्ट आहे, असे पहिलीच्या वर्गावर रुजू होईपर्यंत आम्हा दोघी मैत्रिणींना वाटत असे. फळ्यावर ३ + २ लिहायचे, ५ हे उत्तर घोकून घ्यायचे; झाले शिकवणे! बोटांवर मोजणे हे तर आम्ही आळसाचे लक्षण ठरविले होते. ‘बोटे मिटा’ ही आमची नित्याची आज्ञा.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसे. ती बाकाखाली हात लपवून मोजी. आम्ही तिला हात बाकावर ठेवायला लावले आणि त्या दिवसापासून ती गणिताच्या तासाला बोलेनाशी झाली. ‘मंद आहे’ असा शेरा आम्ही मनोमन मारून मोकळ्या झालो.

पुढे मोठ्या हौसेने आम्ही एक तक्ता रंगविला. फांदीवर तीन पोपट, शेजारी उडणारे दोन. ‘किती झाले?’ म्हणताच वर्ग ओरडला, ‘पाच!’ ती मात्र हळूच म्हणाली, ‘तीन.’ वर्ग हसला. दुर्दैवाने आम्हीही हसलो. मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘बाई, ते दोन उडून गेले ना?’

आम्ही तक्ता पुन्हा पाहिला. उडणाऱ्या पोपटांच्या चोची फांदीकडे नव्हत्याच! बेरीज म्हणून आम्ही वजाबाकीचे चित्र काढले होते आणि ते नीट वाचणारी सबंध वर्गात ती एकटीच होती.

त्या दिवशी आमचा अहंकार गळाला. तक्ता गुंडाळून आम्ही चिंचोके आणले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले, हे आम्ही वाचले होते, आचरले नव्हते. आता मुले एका वाटीत तीन, दुसऱ्या वाटीत दोन चिंचोके घेत, एकत्र ओतत आणि एकपासून मोजत. काही आठवड्यांनी ‘तीन’ मनात धरून ‘चार, पाच’ असे पुढे मोजू लागली. मग चिंचोक्यांच्या जागी वहीत ठिपके आले आणि सर्वांत शेवटी अधिकचे चिन्ह. आधी हात, मग डोळे, मग चिन्ह, हा क्रम आम्ही इतकी वर्षे उलटा चालविला होता.

पुढे दहा चौकोनांचा कागद दिला. ८ + ५ करताना त्याच मुलीने आठ चौकोन भरले, पाचांतले दोन चिंचोके उचलून उरलेले दोन चौकोन भरले आणि बाहेरच्या तिनांकडे बोट दाखवून म्हणाली, ‘दहा नि तीन, तेरा.’ हे तिला कोणी शिकविले नव्हते. तिचे ते उघडे बोट पाहून आमचे डोळे भरून आले.

पालकहो, आपले मूल बोटांवर मोजत असेल, तर त्याला रागावू नका. ती बोटे म्हणजे त्याचे पहिले पुस्तक आहे. पाठ झाले, की ते पुस्तक मूल आपणहून मिटते. आपण ते ओढून घेऊ नये. आणि त्याचे उत्तर चुकलेसे वाटले, तर एवढेच विचारावे, ‘बाळा, तुला काय दिसले?’ कदाचित चित्र आपलेच चुकलेले असेल.