पदवी नसली तरी हिशेब हवा

नवी पेठेत कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला त्याची पदवी कुणी विचारीत नाही. माल कसा आहे, भाव काय आणि उधारी किती दिवसांची, एवढेच पाहिले जाते. आमचे अब्बा सातवी शिकलेले. पण टॉवेल हातात घेतला की वजनावरून भाव सांगायचे. त्यामुळे बी.ए. झालेला आमचा पुतण्या गेल्या वर्षी म्हणाला, "चाचा, मला शेअर बाजारात ट्रेडिंग करायचंय," तेव्हा आम्हा भावांना त्याच्या पदवीची अडचण वाटली नाही. राधाकिशन दमाणी यांनीही बी.कॉम. अर्धवट सोडले होते, हे त्यानेच ऐकवले. अडचण होती ती त्याच्या बेताची. त्याच्या अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून दोन लाख उभे करायचे आणि ऑप्शनचे सौदे सुरू करायचे!

आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, दमाणी आधी बॉल बेअरिंगचा धंदा करीत होते. ते दुकानदारी शिकून बाजारात आले." मग आकडे दाखवले. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे घालवले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. म्हणजे अम्मीच्या बांगड्याच.

हलाल-हरामचा प्रश्नही होताच. जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने १९९२ सालीच ऑप्शनचे सौदे नाजायज ठरवले आहेत. शेअर विकत घेऊन स्वतःच्या डिमॅट खात्यात ठेवणे ही गोष्ट वेगळी. शरियाच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक राष्ट्रीय शेअर बाजारात २००८ पासून आहेत.

पण नुसते 'नको' म्हणून पोराला रोखायचे, तर त्याने जायचे कुठे? सच्चर समितीने २००६ साली सांगितले होते की, वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका मिळवलेले चार टक्क्यांहून कमी आहेत. अशा समाजाला पदवीवाचून उघडणारे प्रत्येक दार मोलाचे आहे.

असे एक दार आम्हाला सापडले. सेबीने स्थापन केलेली एन.आय.एस.एम. ही संस्था बाजारातल्या कामांसाठी परीक्षा घेते. दलालाच्या पेढीत सौद्यांनंतरचा हिशेब, वसुली, जोखीम सांभाळणाऱ्यांसाठी एक वेगळी परीक्षा आहे. दोन तास, १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ५० हवेत. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. त्यासाठी फायनान्सची पदवी लागत नाही.

पुतण्या चार महिने दुकानाच्या माळ्यावर बसून अभ्यास करीत होता. पास झाला. आता एका पेढीत हिशेबाच्या टेबलावर बसतो. पगार बेताचा आहे. पण कोण कसे बुडते, मार्जिन कमी पडले की काय होते, हे तो रोज पाहतो. पगारातून वाचतील तेवढ्याचेच शेअर घेतो, उसने पैसे घालीत नाही. ट्रेडर होण्याचे स्वप्न त्याने सोडलेले नाही आणि आम्हीही ते सोडायला सांगितलेले नाही.

आपल्या मुलांना बाजारात जरूर पाठवावे. मात्र आधी वही लिहायला शिकवावे, भांडवल नंतर द्यावे. बरकत घाईने येत नसते.