गाडीच्या पोटाखाली

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. शस्त्रपूजेच्या जागी आता वाहनपूजाच मोठी झाली आहे म्हणा ना! पण जून ते सप्टेंबर असे चार महिने खड्ड्यांतून जाताना जी वस्तू आपली हाडं सांभाळते, तिला कुणी हळदकुंकू लावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ती वस्तू म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गॅरेजातलं तिचं नाव शॉकअप. चाकाआड, चिखलात माखलेला, कुणाच्या नजरेत न येणारा.

मित्रहो, आज त्या शॉकअपविषयी लिहायचं आहे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या, सरकारी खात्यात टिपण्या लिहून पोट भरणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं कुणाला वाटेल. कारण सांगतो.

माझे बाबा कदंबवर चालक होते. कदंब परिवहन महामंडळ १९८० साली सुरू झालं, त्यानंतर थोड्याच वर्षांनी ते लागले आणि २००८ साली निवृत्त झाले. पंचवीसेक वर्षं घाटरस्त्यांवर बस हाकून त्यांच्या पाठीने काय कमावलं, तर मणक्यातला गॅप! महिन्यातून दोनदा त्यांना फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत न्यावं लागतं. म्हार्दोळ, भोम, बाणस्तारी, जुने गोवे. रस्ता तसा ओळखीचा. आमच्या २०१६ सालच्या छोट्या एसयूव्हीत ते पुढच्या सीटवर बसतात. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की रंबलर दिसला की ते दारावरची मूठ धरतात आणि तो मागे पडेपर्यंत सोडत नाहीत. बोटं पांढरी होईपर्यंत. त्यानंतर मात्र मला गप्प बसवेना.

शॉकअप म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. पुष्कळांना वाटतं की गाडीचं वजन तोच पेलतो. तसं नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि दबली की उसळते. तिला एकटी सोडली तर ती पुन्हा पुन्हा उसळत राहील आणि गाडी होडीसारखी डुलत जाईल. तिला आवरण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि झडपा. तेलाला त्या छिद्रांतून बळेच जावं लागतं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो.

तो थकला की गाडी आपल्या परीने सांगत असते. ब्रेक दाबला की नाक जमिनीकडे झुकतं. टायर सारखा न झिजता जागोजागी उंचसखल होतो. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा दिसतो, त्यावर धूळ बसून काळं किटण होतं. आणि प्रश्न फक्त पाठीचा नसतो. चाक रस्त्याला नीट चिकटून राहिलं नाही तर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. पावसात ओल्या रस्त्यावर हे किती महाग पडू शकतं ते सांगायला नको.

बाबांची तपासणी याहून सोपी. पुढचा बंपर दाखवून म्हणाले, "दामून सोड." मी जोर लावून दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. "एक फावट वयर येवन रावंक जाय," ते म्हणाले आणि आत निघून गेले. निदान झालं!

एका गॅरेजात विचारलं. सत्तावीस हजारांचा आकडा मिळाला. त्यात काय काय धरलंय म्हटल्यावर उत्तर आलं, "सगळंच." कारकुनाला तपशील नसलेल्या बिलावर सही करायची सवय नसते. घरी येऊन हिशेब मांडला. चार शॉकअप, पुढची दोन माउंटिंगं, धुळीपासून वाचवणारे रबरी बूट, सगळं मिळून तेरा हजारांच्या आसपास. उरलेली रक्कम आपल्या हातांनी वाचण्यासारखी होती.

हात म्हणजे माझे एकट्याचे नव्हेत. माझा भाचा आयटीआयला आहे. आपल्या सुशिक्षित घरांत आयटीआय हा शब्द कसा उच्चारतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. "बारावीला कमी पडले, म्हणून..." असं ते वाक्य अर्धवट सोडलं जातं. त्या शनिवारी आमच्या अंगणात बी.ए. झालेला मामा पाने उचलून देत होता आणि आयटीआयवाला भाचा त्याला शिकवत होता. बाबा खुर्ची टाकून बसले होते.

आदल्या रात्री सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवणारा फवारा मारून ठेवला होता. आपल्या दमट हवेत ही पायरी गाळून चालत नाही. सकाळी मागच्या बाजूने सुरुवात केली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल, मग जॅक आणि जॅकनंतर लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणीही शिरायचं नाही, हा भाच्याचा पहिला नियम. दुसरा नियम, मागच्या आखाला खालून जॅकचा टेकू द्यायचा. आख जास्त खाली जाऊ नये म्हणून शॉकअपच त्याला धरून असतो. तो काढला आणि टेकू नसला तर आख खाली लोंबतो आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येतो.

जुना शॉकअप हातात आला. दाबला तर दाबलेलाच राहिला. नव्यात वायू भरलेला असतो. तो दाबून सोडला की आपला आपण सावकाश वर येतो. दोन्ही शेजारी ठेवून बाबांना दाखवले. ते हसले. "हो म्हजो आनी तो तुजो," म्हणाले. म्हातारा त्यांचा आणि नवा माझा!

नवीन बसवताना एक गोष्ट शिकलो. खालचा बोल्ट रबरी बुशातून जातो. चाक हवेत लोंबत असताना तो पुरता आवळला, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. म्हणून शेवटचा आवळा आखावर गाडीचं वजन आल्यावर.

पुढचं काम वेगळं. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच अंगात असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची तार आधी मोकळी करायची, मग खालचे दोन जाडे बोल्ट, शेवटी बॉनेटखालचे नट. "ब्रेकाचो पायप ताणूं नाका रे," खुर्चीवरून आवाज आला. पण स्ट्रट बाहेर काढल्यावर आम्ही थांबलो. त्याच्या माथ्यावरच्या मधल्या नटाने दबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. स्प्रिंग यंत्राने आवळल्याशिवाय तो नट सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हे काम अंगणातलं नव्हे. दोन्ही स्ट्रट शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून गावातल्या मेस्त्रीकडे नेले. त्याने यंत्रावर स्प्रिंग दाबून नवे शॉकअप घालून दिले आणि सहाशे रुपये घेतले. काय आपण करायचं आणि काय दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे ठरवणंही त्या कामाचाच भाग आहे.

दिवसभरात एक गंमत जाणवत राहिली. आम्ही बोलत होतो कोकणीतून, पान्यांचे नंबर इंग्रजीतून आणि हे सगळं मनातल्या मनात मी लिहीत होतो मराठीतून. 'धक्काशोषक' हा शब्द मी भाच्याला सांगून पाहिला. तो इतका हसला की हातातला पाना पडला. पण 'दट्ट्या' आणि 'झडप' मात्र त्याला आवडले. शाळेच्या पुस्तकात होते, म्हणाला. भाषेचे वाद आपल्याकडे पुष्कळ झाले, अजून होतात. अंगणात मात्र जो शब्द हाताशी येईल तो आम्ही वापरला आणि काम अडलं नाही.

रविवारी दुपारी चारही चाकं जमिनीवर आली. स्ट्रट काढला की चाकाचा कोन थोडा तरी हलतो, म्हणून सोमवारी ऑफिस सुटल्यावर अलाइनमेंट करून घेतली. एका बाजूचा शॉकअप कधी एकटा बदलू नये, पुढची जोडी किंवा मागची जोडी, हेही जाता जाता सांगून ठेवतो. नाहीतर एक बाजू घट्ट, एक सैल, असा संसार होतो.

त्या आठवड्यात बांबोळीला गेलो. रस्ता तोच, रंबलर तेच. बाबांची पाठ काही बरी झालेली नाही, ती शॉकअपने बरी होणारही नाही. पण भोमपाशी त्यांचा हात मांडीवरच होता आणि ते मला कदंबच्या एका जुन्या बसची गोष्ट सांगत होते. तिच्या पाटा-स्प्रिंगा इतक्या ताठ होत्या म्हणे, की मागे बसलेल्या बाया सगळ्या देवांची नावं घ्यायच्या!

जुने चार शॉकअप भाच्याने नेले. त्यातला एक कापून आतल्या झडपा बघायच्या आहेत त्याला, मास्तरांना विचारून. मलाही बोलावलं आहे. जाणार आहे.

आणि तुम्ही? पुढच्या दसऱ्याला माळ घालण्याआधी एकदा बंपर दाबून बघा. गाडी किती वेळा डुलते ते मोजा.