चातुर्मासाआधीचा महिना

आषाढी एकादशीच्या आधीचे दिवस जुन्या घरांतून ठरवाठरवीचे असत. कोणता नेम धरायचा, काय वर्ज्य करायचे आणि मुख्य म्हणजे कोणती पोथी लावायची, याची चर्चा माजघरात चाले. बेळगाव-निपाणी भागातील मराठी कुटुंबांतून ही चाल अजून पुरती मावळलेली नाही. सेवानिवृत्तीनंतर आम्हीही ती आपल्या वाचनाला लावून घेतली आहे. ज्येष्ठात मिळेल ते, मनाला येईल तसे वाचायचे आणि त्या वाचनाच्या आधाराने पुढील चार महिन्यांची यादी करायची, असा आमचा शिरस्ता. यंदाच्या महिन्याने यादीबरोबर एक प्रश्नही आमच्यापुढे ठेवला. सीमाभागात राहणारे आपण मराठी पुस्तक वाचतो, ते नेमके कशासाठी?

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. आपले तसे नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आपल्या घरातील मराठी पुस्तक हे पुस्तक असते तसा पुरावाही असतो. त्याआधीही साहित्य आणि सीमा यांची गाठ याच गावात पडली होती. अखिल भारतीय साहित्य संमेलन बेळगावात 1929 मध्ये शि. म. परांजपे यांच्या, 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या आणि 2000 मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यांतल्या 1946 च्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, हे आपल्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारखी खेडी स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवतात, त्यामागेही ही पुराव्याची भावना आहेच. तिला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलेली माणसे आमच्याही घरात होती आणि त्यांतली काही आता नाहीत.

परंतु पुरावा कपाटात जपून ठेवला तरी चालतो. पुस्तक मात्र उघडावे लागते. या महिन्यात जी उघडली त्यांविषयी थोडे सांगतो.

प्रथम महादेव मोरे. निपाणीचे हे लेखक ऑगस्ट 2024 मध्ये निवर्तले, तेव्हापासून त्यांच्या कथा पुन्हा सलग वाचाव्यात असे मनात होते. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत त्यांनी लेखन केले, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असल्यामुळेच तिचा अर्थ नीट ध्यानात येत नाही. दळण घेऊन येणारी बाई, तंबाखूच्या वखारीत राबून खोकणारी कामगारीण, टॅक्सीवाला, गॅरेजातला मिस्त्री ही माणसे त्यांना शोधायला जावे लागले नाही. ती गिरणीच्या दारात येत होती. ‘एकोणिसावी जात’ मधील वाहनचालकांचे जग वाचताना आम्हांला पुणे-बंगळूर रस्त्यावरची निपाणी दिसली. त्याच रस्त्यावर 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी ठाण मांडून बसले होते आणि गोळीबारात माणसे मेली होती. अनिल अवचट यांनीही निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांविषयी लिहिले. परंतु ते बाहेरून येऊन, डोळे उघडे ठेवून केलेले लेखन. मोऱ्यांचे लेखन आतले आहे. त्यांची मराठी कोल्हापूरची म्हणावी तर पुरती तशी नाही. तिच्यात कन्नडचे हेल आणि शब्द निःसंकोच वावरतात.

दुसरे नाव जी. ए. कुलकर्णी यांचे. त्यांचा जन्म 1923 चा, आपल्याच जिल्ह्यातील एकसंब्याचा. शिक्षण बेळगावात आणि इंग्रजीचे अध्यापन धारवाडात. ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, ही हकिकत सांगणारे पुष्कळ भेटतात, कथा पुन्हा वाचणारे थोडे. या खेपेस ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ वाचले. जी. एं.नी मराठी कथेला दिलेल्या अनेक माणसांची नावे, त्यांचे देव, त्यांच्या शिव्या आणि त्यांच्या घरांचे अंधार हे सारे कृष्णेच्या दक्षिणेकडचे आहे. महाराष्ट्रातील समीक्षक या प्रदेशाला गूढ म्हणतात. आम्हांला तो ओळखीचा वाटतो.

तिसऱ्या इंदिरा संत. इंडीसारख्या विजापूर जिल्ह्यातील गावात 1914 मध्ये जन्मलेल्या इंदिराबाईंनी आयुष्याचा मोठा काळ बेळगावात अध्यापनात घालविला. त्यांच्या ‘गर्भरेशीम’ला 1984 चा अकादमी पुरस्कार लाभला. आम्ही या महिन्यात कवितेऐवजी ‘मालनगाथा’ घेतली. जात्यावरच्या ओव्या एकत्र करून त्यांचे मर्म उलगडणारे हे काम पाहताना आमच्या आजीची पिढी नजरेपुढे आली. तिला अक्षरओळख नव्हती, आणि शेजारणीशी ती कन्नडमध्येच सुखदुःख बोले.

चौथे पुस्तक अनुवाद होते. एस. एल. भैरप्पा 2025 च्या सप्टेंबरात गेले, म्हणून त्यांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या मराठीत पुन्हा वाचली. उमाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांच्या कामाची रीत आम्हांला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचे. विरूपाक्षांनी स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले. एका घरात दोन्ही दिशांनी ही वाहतूक चालली.

ही चार पुस्तके एकापाठोपाठ वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. आपण ज्यांना आपल्या मराठीपणाचे पुरावे म्हणून मिरवितो, त्या पुस्तकांच्या पानापानांत कन्नड आहे. ते काढून टाकले तर मोरे उरत नाहीत, जी. ए. उरत नाहीत. पु. लं.च्या ‘रावसाहेबां’ची भाषाही उरत नाही. यात मराठीचे काही उणे होते असे आम्हांला वाटत नाही. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द मराठीत कधीचे नांदत आहेत, आणि ज्ञानदेवांनी तर विठ्ठलालाच ‘कानडा’ म्हटले. उलट बाजूने पाहावे तर महाराष्ट्रात जिला नस्ती म्हणतात तिला आमच्या कार्यालयात ‘कडत’ म्हणत. परंतु जमिनीच्या उताऱ्याला कन्नडमध्ये ‘पहणी’ म्हणतात, त्यात आपले ‘पाहणे’ स्वच्छ ऐकू येते. कन्नड ही अनेक वर्षे आमच्यापुरती टिप्पणीची आणि आदेशाची भाषा राहिली. हुकमाची भाषा आणि कादंबरीची भाषा एकच असली तरी ती दोन वेगळ्या दारांनी घरात येते. दुसरे दार उघडण्यास सेवानिवृत्तीनंतरचा निवांतपणा उपयोगी पडला.

मग भाषेचा आग्रह सोडायचा काय? मुळीच नाही. मुलांना मराठी शाळा मिळावी, कागदपत्रे मराठीत मिळावीत, ही मागणी हक्काची आहे आणि ती पुस्तकाच्या गोडीवर अवलंबून नाही. आम्हांला चिंता आहे ती वेगळी. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. कन्नडला तो 2008 मध्येच मिळाला होता. दर्जा मिळालेल्या या दोन्ही भाषांच्या मधोमध वाढणारी आमची नात इंग्रजी माध्यमात शिकते, कन्नड भराभर वाचते आणि मराठी केवळ बोलते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. इतक्या जुन्या परंपरेच्या गावात तिच्यासारखी मुले मराठी पुस्तकाशी अनोळखी राहिली, तर दाव्याचा निकाल कसाही लागला तरी कपाट उघडणार कोण? आणि तिच्या हाती पुस्तक द्यायचे तर ते पुरावा म्हणून देता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीला पुरावा नको असतो. गोष्ट हवी असते.

म्हणून यंदाच्या चातुर्मासाची यादी अशी ठरली. श्रावणात इंदिराबाईंचे ‘मृद्गंध’. भाद्रपदात य. दि. फडके यांचे इतिहासलेखन, कारण भावनेला तारखांचा आधार असलेला बरा. आश्विनात भैरप्पांचे ‘पर्व’. एका बाजूला मूळ कन्नड आणि दुसऱ्या बाजूला उमाताईंची मराठी, असे समोरासमोर ठेवून. त्यात पृष्ठे पुष्कळ आहेत आणि आमचे डोळे पूर्वीसारखे नाहीत, तेव्हा ते कार्तिकातही चालेल.

या यादीखेरीज एक रोजचा नेम. संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास नातीबरोबर बसायचे. पाव घटका तिने तिच्या आवडीचे कन्नड पुस्तक आम्हांला वाचून दाखवायचे आणि आम्ही अडलेला शब्द तिला विचारायचा. उरलेला वेळ आम्ही मराठी वाचायचे आणि तिने विचारायचे. कुलकर्णी दांपत्याची रीत आम्ही उसनी घेतली आहे, एवढेच. नातीने एक अट घातली, ती मान्य करावी लागली. कंटाळवाणे पुस्तक तिसऱ्या दिवशी बदलायचे. अशी सवलत आम्हांला आमच्या लहानपणी पोथीच्या बाबतीत नव्हती.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे दुभाषी नातवंड असेल, त्यांनी आपली यादी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी. दहा-बारा वर्षांच्या मुलांना रुचतील अशा मराठी पुस्तकांची नावे आम्हांला तातडीने हवी आहेत. आमच्याजवळची तीन पुस्तके नापसंत होऊन कपाटात परत गेली आहेत, आणि एकादशी जवळ आली आहे.