बिल्ड कुठे चालवायचा?

रामनवमी जवळ आली की पोहरादेवीत मोबाइलवर रेंज दिसते, पण उघडत काहीच नाही. देशभरातल्या तांड्यांतून लाखो माणसं संत सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेच्या दर्शनाला येतात. मानोरा तालुक्यातल्या या लहान गावाचे टॉवर त्या गर्दीला पुरत नाहीत. यात्रेला मी घरी येतोच. एका वर्षी नेमक्या त्याच दिवसांत आमच्या टीमला बिल्ड एजंट निवडायचे होते.

लिहिलेला कोड उचलायचा, बांधायचा, तपासायचा आणि योग्य सर्व्हरवर नेऊन ठेवायचा, या साखळीला आम्ही पाइपलाइन म्हणतो. ती कामं प्रत्यक्ष करतो तो एजंट. आमचं गिऱ्हाईक एक वित्तसंस्था. तिचा मुख्य डेटाबेस मुंबईतल्या तिच्या स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये आणि ग्राहकांचं ॲप मायक्रोसॉफ्ट अझ्युअरच्या पुणे केंद्रात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश दिला, तेव्हापासून अशा संस्थांच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न ‘डेटा कुठे जाणार?’ हाच असतो. तो योग्यच आहे.

टीममध्ये दोन तट पडले होते. एकांचं म्हणणं, सगळे एजंट क्लाउडचेच घ्या. मायक्रोसॉफ्टचा तयार एजंट म्हणजे प्रत्येक कामाला कोरं करकरीत मशीन, काम संपलं की ते नष्ट. ना पॅच टाकायची चिंता, ना साफसफाईची. पण लिनक्सचा असा साधा एजंट 2 कोअर आणि 7 जीबी मेमरीचा. खाजगी प्रोजेक्टला फुकटात मिळतात ती महिन्याला 1800 मिनिटं, आणि एक काम 60 मिनिटांत आटपावं लागतं. मशीन कोरं असल्यामुळे जावाच्या सगळ्या लायब्ररी दर वेळी नव्याने उतरवायच्या. कॅशिंगने हे बरंच सुसह्य होतं. खरी अडचण वेगळीच होती. मुंबईच्या सर्व्हर रूममधला डेटाबेस त्या एजंटला दिसतच नव्हता.

दुसरा तट म्हणे, मग सगळं आपल्याच मशीनवर. त्यांची सर्वांत मोठी भीती फायरवॉलची होती, आणि तिथे मला एक गोष्ट मनापासून आवडते. स्वतःच्या मशीनवर बसवलेल्या एजंटसाठी बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. एजंटच आतून 443 पोर्टवरून बाहेर विचारत राहतो, काम आहे का? असलं तर उचलतो, करतो आणि लॉग वर पाठवतो. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा निम्मी चर्चा तिथेच संपली.

मात्र आपलं मशीन कामाच्या खुणा साठवत जातं. चाचणीसाठी लावलेल्या एजंटवर एक बिल्ड नीट पास होत होता आणि तोच क्लाउडच्या एजंटवर पडत होता. मी एजंटचं वर्क फोल्डर उघडून पाहिलं. मागच्या कुठल्याशा कामाची जुनी जार फाइल तिथे पडून होती आणि कोड तिच्याच आधारावर उभा राहत होता. डिस्कवर डॉकरच्या जुन्या इमेज थरावर थर साचल्या होत्या. पास झालेल्या बिल्डवर विश्वास ठेवता येत नसेल, तर पाइपलाइनला अर्थच उरत नाही.

मी हे सगळं फोनवर बोलत असताना घरातले वडीलधारे बापू ओट्यावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, मशीन मुंबईत, तू इथे, मग त्यावर दुसरं कुणी काही करत नाही हे तुला कसं कळतं? आमच्या धंद्यातला सगळ्यांत गंभीर प्रश्न त्यांनी विचारला होता. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीवरच्या, 2020 मध्ये उघडकीला आलेल्या हल्ल्यात हेच घडलं होतं. हल्लेखोरांनी कोडच्या भांडाराला हात न लावता बिल्डचं मशीन गाठलं आणि बिल्ड चालू असताना एक फाइल बदलली. पुढे त्या मालावर कंपनीचीच अधिकृत डिजिटल सही झाली, आणि सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत तो पोचला.

म्हणून ‘स्वस्त कोणता?’ हा प्रश्न मी बैठकीत मागे सारला. प्रत्येक काम कशाकशाला हात लावतं, त्याची यादी करायला लावली. कोड बांधणं आणि युनिट टेस्ट यांना आतलं काहीच लागत नव्हतं, ती कामं क्लाउडच्या कोऱ्या एजंटवर गेली. डेटाबेसला भिडणाऱ्या चाचण्या आतल्या एजंटवर, पण प्रत्येक वेळी नव्या कंटेनरमध्ये आणि बनावट डेटावर. प्रत्यक्ष सर्व्हरवर नेऊन ठेवण्यासाठी एजंटांचा वेगळा गट, म्हणजे पूल. त्याच्या एजंटच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नाहीत, कोडच्या मुख्य शाखेखेरीज दुसरं काही तो उचलत नाही आणि माणसाच्या मंजुरीशिवाय हलत नाही. या शेवटच्या पूलसाठी मी सर्वांत जास्त भांडलो, कारण एकच एजंट सगळीकडे वापरण्याचा मोह फार असतो. चाचणीचा कोड कुणीही लिहितो. त्याला थेट चालू सर्व्हरपर्यंतची वाट मिळता कामा नये.

या रचनेचा मला इथे बसून झालेला फायदाही सांगतो. यात्रेच्या गर्दीत माझ्या लॅपटॉपवरून जातो तो फक्त काही केबींचा बदल, आणि तो पहाटे नेटवर्क मोकळं असताना सहज जातो. शेकडो एमबींची उतरवाउतरव क्लाउडच्या आणि मुंबईच्या मशीनवर होते. इथली वीज गेली तरी बिल्ड थांबत नाही. शेजारच्या तांड्यावरची एक मुलगी दिग्रसला शिकून आता हेच काम करू पाहते आहे. तिच्यासाठी पुण्यात खोली शोधायची घाई नको, असं तिच्या घरच्यांना मी सांगितलं आहे. तिने तिच्या सरावाच्या प्रोजेक्टची यादी मला पाठवली. नऊपैकी आठ कामांना आतलं काहीच लागत नाही. नवव्यासाठी आम्ही तिच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर, वेगळं खातं काढून, एजंट बसवतो आहोत.