तिसरें दार

गेल्या श्रावणांतली गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत उच्च शिक्षण घेत आहे. एके संध्याकाळीं बसमधून वसतिगृहाकडे परततांना एका इसमानें त्याला कोणा तिसऱ्याच देशाचा समजून त्या देशाच्या नांवानें शिवीगाळ केली व ‘आपल्या देशांत चालता हो’ म्हणून दरडावलें. बसमधलीं माणसें खिडकीबाहेर पाहत राहिलीं. मुलगा स्वभावानें शांत. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. पण विद्यापीठाकडे लेखी तक्रार करण्याचें ठरवून त्यानें तिचा मसुदा आमच्याकडे पाठविला. “काका, एकदां नजरेखालून घाला,” एवढीच त्याची विनंती होती. घरांत लिहिण्याचा थोडाबहुत लौकिक आमचा, म्हणून हें काम आमच्या वांट्यास आलें.

जेवणें आटोपल्यावर सगळें घर माजघरांत जमलें आणि आम्हीं मसुदा मोठ्यानें वाचला. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें. अण्णा तर संतापून म्हणाले, “त्या लोकांत आपल्या मुलाला गणतो म्हणजे काय! ते कोण, आपण कोण!” सर्वांनीं माना डोलाविल्या. आम्हांसही तें पटलें. इतकें पटलें कीं आम्हीं मसुद्यांत आमच्या पदरचें एक वाक्य घातलें : ‘मी त्या देशाचा नसून प्राचीन संस्कृतीच्या एका सुविद्य भारतीय घराण्यांतला आहें.’ वाक्याची वाखाणणी झाली आणि मसुदा त्याच रात्रीं परत गेला.

मंडळी उठूं लागली तेव्हां कोपऱ्यांत बसलेली आमची पुतणी हळूच म्हणाली, “काका, दादा खरोखरच त्या देशाचा असता, तर ती शिवी बरोबर ठरली असती का?”

मोठ्यांच्या बोलण्यांत बोलूं नये, असें कोणींसें तिला सांगितलें. पण आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं अपमानाची तक्रार दोन तऱ्हेची असूं शकते. एक म्हणते, ‘माणसाला असें वागवूं नये.’ दुसरी म्हणते, ‘मला असें वागवूं नये, ज्यांना वागवावयाचें ते पलीकडे उभे आहेत.’ दोहोंतला आवेश सारखाच आणि दुःखही सारखेंच खरें. परंतु पहिली मागणी समतेची आहे आणि दुसरी श्रेष्ठत्वाची. वंशश्रेष्ठत्वाची भाषा ही बलवानांचीच असते, असा आमचा आजवरचा समज होता. ती अपमानिताच्या तोंडीं, डोळ्यांत पाणी असतांनाही, येऊं शकते हें आम्हांस आमच्याच वाक्यानें शिकविलें.

याच अमेरिकेंत आपल्या एका देशबांधवाचा खटला झाला होता, त्याची आठवण झाली. तेथें १७९० च्या कायद्यान्वयें परदेशांतून आलेल्यांपैकीं केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांसच नागरिकत्व मिळत असे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्यें, आफ्रिकी वंशाच्या लोकांसही तो हक्क देण्यांत आला. भगतसिंग थिंद हा पंजाबांतला शीख तरुण १९१३ मध्यें तेथें गेला आणि पहिल्या महायुद्धांत त्या देशाच्या सैन्यांत दाखल झाला. पुढें त्याच्या नागरिकत्वास सरकारनें हरकत घेतली, तेव्हां त्याच्या बाजूनें युक्तिवाद झाला तो असा : हा उच्चवर्णीय आर्य आहे, सबब कायद्याच्या अर्थानें गोराच आहे, आणि विवाहसंबंधाच्या बाबतींत अमेरिकन माणूस कृष्णवर्णीयाला जसा दूर ठेवतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडील आदिवासींना दूर ठेवतो. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा दावा एकमतानें फेटाळला. न्यायमूर्ति सदरलंड यांच्या निकालाचा मथितार्थ असा, कीं वंशशास्त्र कांहींही म्हणो, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सामान्य माणूस समजतो तोच. त्यानंतर इतर कित्येक हिंदी लोकांचें मिळालेलें नागरिकत्वही काढून घेण्यांत आलें.

न्यायानें बोलावयाचें तर वकिलांपुढें कायदा होता तसा होता; त्या चौकटींत राहूनच दार ठोठावणें त्यांस भाग होतें. तरीपण आम्हांस त्या युक्तिवादांत आमच्याच माजघराचा सूर ऐकूं आला. आमच्या लहानपणीं ‘आर्य’ या शब्दाची घरांत मोठी ऐट असे. एखाद्या युरोपीय पंडितानें आपल्याला दूरचे भाऊबंद म्हटलें कीं वडील मंडळी फुलून जात. त्या भाऊबंदांनीं वांटणीच्या वेळीं काय दिलें, तें वर सांगितलेंच आहे. पुढें १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस तेथील नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि १९५२ मध्यें नागरिकत्वासाठीं वंशाची अटच काढून टाकण्यांत आली. पहिल्या कायद्यानें आपल्यापुरतें दार उघडलें. दुसऱ्यानें दारावरची पाटी उतरविली. समता म्हणावयाची ती या दुसऱ्या गोष्टीला.

दाराची गोष्ट निघाली म्हणून दक्षिण आफ्रिकेंतली एक जुनी हकीकत सांगतों. तेथील दरबान शहराच्या टपाल कचेरीस दोन दारें असत. एक गोऱ्यांसाठीं आणि दुसरें तद्देशीय आफ्रिकी व आशियाई लोकांसाठीं. १८९४ मध्यें स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसनें याविषयीं सरकारशीं पत्रव्यवहार केला. तिचे चिटणीस तरुण मोहनदास गांधी होते. तिघांसाठीं तीन निरनिराळीं दारें होतील, असें १८९५ च्या अहवालांत कांहींशा समाधानानें नमूद केलेलें आहे. हिंदी माणसाला स्वतःचें दार मिळालें. पण भिंत होती तशीच राहिली, आणि ती आपणच मान्य केली असें झालें. त्या काळच्या गांधींच्या लिखाणांत आफ्रिकी लोकांविषयीं तुच्छतेचे उद्‌गार आढळतात, हें लपवून ठेवण्याजोगें नाहीं. परंतु त्याच गांधींनीं १९०८ मध्यें जोहान्सबर्गच्या एका व्याख्यानांत सर्व वंशांच्या मिलाफांतून उदयास येणाऱ्या नव्या संस्कृतीचें चित्र रेखाटलें. थोर माणसालाही तिसऱ्या दारापासून पुढें यावयास वर्षें लागलीं. मग आम्हां सामान्यांची कथा काय!

त्याच देशांत, पुढें २० एप्रिल १९६४ रोजीं, नेल्सन मंडेला प्रिटोरियाच्या न्यायालयांत आरोपी म्हणून उभे राहिले. फांशीची शिक्षा होण्याचा संभव समोर दिसत होता. अशा वेळीं त्यांनीं सांगितलें कीं आपण गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध लढलों, तसेच काळ्यांच्या वर्चस्वाविरुद्धही लढलों. यांतला पूर्वार्ध कोणीही पीडित बोलेल. उत्तरार्ध बोलण्यास मात्र मन फार मोठें लागतें. कारण पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्याला ‘उद्यां आमची पाळी’ एवढें म्हणण्याची मुभा जग सहज देतें. सत्तावीस वर्षें बंदिवास भोगून मंडेला सुटले आणि १९९४ मध्यें सर्व वर्णांच्या मतदारांनीं मिळून केलेल्या निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्ष झाले. न्यायालयांत बोललेला उत्तरार्ध त्यांनीं अधिकारावर आल्यावरही सोडला नाहीं.

परदेशचे दाखले देऊन थांबणें सोयीचें असतें, पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जातीचा प्रश्न आणि वंशाचा प्रश्न एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. तथापि मागणीची जात ओळखावयाची तर महाड आमच्या घरापासून जवळ आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ मध्यें केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेंही पुढल्या वर्षीं तळें खुलें केल्याचें जाहीर केलें होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यांनीं निराळी विहीर मागितली नाहीं, किंवा इतरांनीं तेथें येऊं नये असेंही म्हटलें नाहीं. जें पाणी सर्वांचें तें सर्वांनीं प्यावें, एवढीच त्यांची मागणी. आणि आपल्यासारख्या सुविद्य म्हणविणाऱ्या समाजांतल्या मंडळींनीं पुढें पंचगव्य ओतून तें तळें ‘शुद्ध’ करून घेतलें. न्यायालयाचा अंतिम निकाल येण्यास १९३७ साल उजाडलें.

तेव्हां आमच्यापुरती कसोटी ठरली ती अशी : समता मागणारा आपल्या वरच्याकडे जें मागतो, तेंच आपल्या खालच्याला देऊं करतो कीं नाहीं, हें पाहावें. देत असेल तर त्याचा आवाज कितीही कठोर असो, ती समताच. देत नसेल तर त्याचे शब्द कितीही गोड असोत, तो फक्त वरच्या पायरीवर जागा मागतो आहे.

उजाडतांच आम्हीं मुलाला कळविलें कीं आमचें वाक्य खोडून टाक, आणि त्याऐवजीं ‘कोणत्याही देशाच्या प्रवाशास अशी वागणूक मिळूं नये’ एवढेंच लिही. त्याचें उत्तर आलें : “काका, तें वाक्य मलाही खटकलें होतें. पण तुम्हीं घातलेलें, म्हणून ठेवणार होतों.” आम्ही मनांत ओशाळलों.

एक गोष्ट मात्र पत्रानें होण्यासारखी नव्हती. आमच्या स्वयंपाकघरांत खिडकीच्या फळीवर कान तुटलेला एक कप असे; भांडीं घासावयास येणाऱ्या बाई त्यांतून चहा घेत. तसा नियम कोणीं केलेला नव्हता. म्हणूनच तो मोडण्याचेंही कोणाला सुचलें नव्हतें. ही हकीकत वहिनींच्या कानांवर घातली, तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बाईंना आमच्या रोजच्या कपांपैकींच एकांतून चहा दिला. बाईंनीं तो घेतला. पिऊन झाल्यावर कप स्वतःच विसळला आणि नेऊन त्या खिडकीच्या फळीवर ठेवला.

वहिनी क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनीं तो उचलला आणि बाकीच्या कपांत ठेवला. हल्लीं हें रोज घडतें.