मागें फिरण्याची सोय

संगणकाच्या पडद्यावर पायरीपायरीनें भरावयाच्या अर्जांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु शिष्यवृत्ति, पेन्शन, विमा हीं हल्लीं बहुधा ह्याच जिन्यानें घरांत येतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

ह्या पद्धतीस 'विझार्ड' म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या 'पब्लिशर'मध्यें १९९१ सालीं ती ह्या नांवानें आली व 'विंडोज ९५'मुळें घरोघर पोंचली. 'बॅक', 'नेक्स्ट' व 'कॅन्सल' अशीं तीन बटणें. शेवटच्या पानावर 'नेक्स्ट'च्या जागीं 'फिनिश'. एका वेळीं थोडेंच विचारलें म्हणजे बुजरा मनुष्यहि उत्तर देतो. मात्र चुकल्यास परत फिरतां येईल, हा भरंवसा त्यास हवा.

हा भरंवसा मोडला म्हणजे काय होतें तें आम्हीं पाहिलें आहे. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाई पेन्शनचा अर्ज स्वतः भरीत होत्या. पांचव्या पायरीवर खात्याचा एक आंकडा चुकलेला दिसला, म्हणून त्या मागें गेल्या. तों सारीं पानें कोरीं! तिसऱ्या खेपेस त्या हंसून म्हणाल्या, "अहो, आमच्या मास्तरांनींसुद्धां पाटी अशी पुसली नव्हती." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नाक्यावरच्या दुकानदारास पैसे देऊन अर्ज भरविला. पैशाचें दुःख नव्हतें. आपला व्यवहार आपण पाहण्याची उमेद गेली, आणि खात्याचा क्रमांक परक्याच्या हातीं गेला.

वस्तुतः २००८ सालच्या 'डब्ल्यूसीएजी २.०' ह्या आंतरराष्ट्रीय नियमावलींत कायद्याच्या व पैशाच्या व्यवहारांसाठीं सांगितलें आहे कीं, दिलेली माहिती मागें घेतां यावी, किंवा ती तपासून दुरुस्तीची संधि मिळावी, किंवा शेवटीं पुन्हां पाहून कायम करतां यावी. आमच्या मतें एवढ्यानें भागत नाहीं. एकूण पायऱ्या किती, आपण कोठें आहों, आणि मागील उत्तरें शाबूत आहेत ना, हें प्रत्येक पानावर दिसावें. एक उत्तर बदलल्यानें दुसरें निरर्थक होत असेल, तर तेवढेंच पुन्हां विचारावें. बाकीच्यांस हात लावूं नये.

पुढें ढकलणारें बटण कोणीहि करील. रचनाकाराची माणुसकी पाहावयाची ती मागें नेणाऱ्या बटणांत.