बावखलाच्या काठावर बारा महिने

मुलांनो, चर्चगेटहून विरारची लोकल पकडलीत तर भाईंदर गेल्यावर झटकन खिडकीपाशी सरका. गाडी धडधडत लांबलचक पुलावर येते. खाली वसईची खाडी, मधे पाणजू बेट, काठाला तिवरांची दाटी. मग नायगावची मिठागरं दिसतात आणि पाठोपाठ वसई रोड स्टेशन येतं. तिथं उतरून पश्चिमेला बस किंवा रिक्षा धरा. सुरुवातीला नुसत्या इमारती दिसतील. 'हीच का ती हिरवी वसई?' असं म्हणून नाक मुरडू नका. गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या बाजूला जात राहा. हळूहळू केळीच्या बागा, पानवेली, मोगऱ्याची शेतं दिसू लागतात आणि वाडीच्या कोपऱ्यात, झाडांच्या सावलीत, एखादं बावखल.

बावखल म्हणजे काय? विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, माणसांनी हातानं खणलेलं गोड्या पाण्याचं डबकं म्हणा ना! पण 'डबकं' म्हटलेलं वसईच्या शेतकऱ्याला मुळीच आवडायचं नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या जूनमध्ये आम्ही चौथीच्या वर्गानं ठरवलं, की वर्षभर दर महिन्याला एकदा एकाच बावखलावर जायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. वाडीचे मालक, एक पंचाहत्तरीचे आजोबा, लगेच हो म्हणाले. अट एकच. केळीच्या लोंगराला हात लावायचा नाही!

जून-जुलैत वहीची पानं बेडकांनी भरली. बावखल काठोकाठ भरलं होतं. आजोबांनी विचारलं, "सांगा बरं, हे पाणी कुठं जातं?" कुणी म्हणालं समुद्रात, कुणी म्हणालं वाफ होते. आजोबा हसले. "बाळांनो, बरंचसं खाली जातं. आमच्या विहिरीत."

यातली गंमत नीट समजून घ्या. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी. म्हणजे जमिनीखाली खारं पाणी अगदी जवळ. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पावसाचं पाणी मुरलं की ते खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं. विहिरीत येतं ते या वरच्या थरातलं. बावखलं हा थर जाड ठेवतात. उपसा फार झाला आणि मुरणं कमी झालं, की थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर खारी झाली, की केळ जगत नाही.

पूर्वी वाडीत रहाटगाडगं असायचं. बैल किंवा रेडा गोल फिरायचा आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणायची. जनावर दमलं की रहाट थांबे आणि विहिरीलाही विसावा मिळे. विजेचा पंप काही दमत नाही!

ऑक्टोबरात गावात आगेऱ्याचा सण होता. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. आपल्याकडे दसऱ्याला नव्या धान्याची पूजा करतात ना, तसंच. तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, फादरांचा शेतीशी काय संबंध?"

प्रश्न फार चांगला होता. उत्तरासाठी जरा मागं जावं लागेल. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर मिशनरी आले. त्या राज्यात जुलूमही झाला, देवळं पाडली गेली. ते लपवायचं कारण नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला जिंकला ते तुम्ही इतिहासात शिकलाच आहात. पण याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून दूर अमेरिकेतली झाडं आपल्या किनाऱ्यावर उतरली. अननस, पपई, काजू ही नावंसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आली. राज्य गेलं, पण इथले ख्रिस्ती लोक इथलेच होते. ते मराठी बोलत राहिले, भात आणि केळी पिकवत राहिले.

अशाच एका घरात, नंदाखाल गावी, १९४२ साली फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म झाला. १९७२ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढं १९८३ ते २००७ अशी जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांनी 'सुवार्ता' हे मराठी मासिक चालवलं. त्याच काळात वसईत दोन गोष्टी झाल्या. मुंबई वाढत वाढत खाडीच्या अलीकडे आली आणि शेतजमिनींवर इमारती उभ्या राहू लागल्या. त्या इमारतींना पाणी हवं, म्हणून वाड्यांतल्या विहिरींमधून टँकर भरून जाऊ लागले. दिवसरात्र! गोड्या पाण्याच्या थराचं गणित आठवतंय ना?

फादर दिब्रिटो आणि त्यांचे सोबती यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी केली. मोर्चे निघाले. त्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, भाजीची टोपली बाजूला ठेवून आलेल्या बायका होत्या. दांडगाईला न घाबरता एक पाद्री पाण्यासाठी रस्त्यावर उतरतो, हे पाहून पुष्कळांना धीर आला. टीकाही झाली. 'फादरांनी प्रार्थना करावी, यात पडू नये,' असं म्हणणारे होतेच. मला विचाराल तर पाण्याची काळजी ही प्रार्थनेहून फार वेगळी गोष्ट नाही. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

असं काम करणारे ते एकटे नव्हेत बरं का. स्पेनहून आलेले फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात पावसाळ्यात भिजत हिंडले आणि १९५३ मध्ये तिथल्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ आला. पुढं ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) दुष्काळी गावांत डोंगरउतारावर चर खणून पाणी अडवायला लोकांना उभं केलं.

पण आपण बावखलावर येऊ. डिसेंबरात आमची वही पाखरांनी भरली. खंड्या, वंचक, पाणकोंबडी. वंचक काठावर असा बसतो की ढेकूळच वाटावं. उडाला की पांढरे पंख दिसतात. आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी रात्री कोल्हेकुई रोज ऐकू यायची. तिवरांत कोल्हे अजून आहेत, पण तिवरंच कमी झाली. बिबट्या हवा असेल तर मात्र पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे पाहायचं. ते जंगल २००३ साली अभयारण्य झालं.

फेब्रुवारीत आजोबांकडे सुकेळी घातली होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, कडक उन्हात बरेच दिवस वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. रंग मधासारखा होतो. (अट मोडली नाही. आजींनी आपणहून हातावर ठेवली!)

त्याच दिवशी आम्ही पाहिलं, की शेजारचं बावखल नाहीसं झालं होतं. जानेवारीत तिथं पाणी होतं. आता डबर आणि विटांचे तुकडे, आणि त्यांवर एक वंचक नुसताच उभा. मुलं एकदम गप्प झाली. वहीत काय लिहायचं तेच कुणाला सुचेना. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं, मिठागरात शेकडो माणसं अडकली होती, ते त्यांनी घरी ऐकलं होतं. "बाई, आता ते पाणी कुठं जाणार?" एकानं विचारलं.

आजोबांचा मुलगा मुंबईत नोकरी करतो. तो म्हणाला, "मॅडम, शेतीत काय उरतं ते मला विचारा. मजूर मिळत नाहीत. जागेला मात्र भाव आहे." त्याचं म्हणणंही खोटं नाही. आजोबा काही बोलले नाहीत. विळा घेऊन ते पानवेलीत गेले.

वसईत काही गावांत तरुण मुलं रविवारी जमून बावखलांतला गाळ आणि जलपर्णी काढतात. मे महिन्यात आमच्या बावखलाचीही पाळी आली. आठ-दहा जण कमरेएवढ्या चिखलात उतरले होते. आजोबा काठावर खुर्ची टाकून सूचना देत होते आणि मधूनमधून रागावत होते. गाळ वाया गेला नाही, केळीच्या बुंध्याशी पडला. शेवटी मुलांनी विहिरीच्या कोरड्या पायऱ्या मोजल्या. अकरा. पाणी चाखून पाहिलं. गोड होतं.

आता जून आला आहे. वही नव्या चौथीकडे दिली आहे. पहिल्या पानावर जुन्या वर्गानं त्यांच्यासाठी तीन कामं लिहून ठेवलीत. बेडूक मोजणे. पायऱ्या मोजणे. आणि आजोबांच्या मुलाला पुन्हा एकदा भेटणे.